सौद्यापुरते पाहिलेले दात

दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी सारंगखेड्याची यात्रा भरते. एकमुखी दत्ताच्या दर्शनाइतकीच ही यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश इथून व्यापारी मारवाडी आणि काठेवाडी जनावरे घेऊन येतात. गिऱ्हाईक आधी दुरून घोड्याचा बांधा पाहते. मग चाल, कानांची ठेवण, अंगावरचे भोवरे आणि खूर पाहून होतात. सौदा जमत आला की एखादा जाणता माणूस पुढे होतो, घोड्याचा ओठ वर करतो, पुढच्या दातांवर नजर टाकतो आणि वय सांगून मोकळा होतो. किंमत त्यावर ठरते.

पौष पौर्णिमेला जेजुरीत भरणाऱ्या गाढवांच्या बाजारातही हेच चालते. दुवान, चौवान, कोरा, अखंड असे तिथले खास शब्द जनावराच्या दातांवरूनच आलेले आहेत. एवढी दातांची पारख असलेला हा मुलूख आहे. तरी सौदा झाल्यानंतर पुढची दहा-पंधरा वर्षे त्याच जनावराच्या तोंडात कुणी डोकावतही नाही. खुरांना नाल मारायला नालबंद महिन्या-दीड महिन्याने येतो, अंगाला रोज खरारा होतो, दृष्ट लागू नये म्हणून पायात काळा दोराही बांधला जातो. दातांची आठवण मात्र घोडा खाणे सोडतो तेव्हा होते. तोवर दुखणे कित्येक महिन्यांचे जुने झालेले असते.

बाजारात पाहिले जातात ते पुढचे बारा दात, सहा वर आणि सहा खाली. गवत तोडणे एवढेच त्यांचे काम. खरे काम करतात त्या मागच्या चोवीस दाढा. प्रत्येक बाजूला वर सहा आणि खाली सहा, एकमेकींना घट्ट चिकटून उभ्या असलेल्या. घोड्याचे तोंड लांब असले तरी त्याची फट अरुंद असते, गालाचे मांस आत येते आणि जीभ मोठी असते. त्यामुळे नुसता ओठ उचलून मागची एकही दाढ नीट दिसत नाही. दुखण्यांचे माहेरघर नेमके तिथेच आहे.

घोड्याच्या दाताची रचना माणसाच्या दातापेक्षा मुळातच वेगळी आहे आणि त्यामागे फार जुना इतिहास आहे. सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी घोड्याचे पूर्वज अंगाने लहान होते आणि जंगलात राहून कोवळा पाला खात. त्यांच्या दाढा आखूड होत्या. पुढे हवामान कोरडे होत गेले, गवताळ माळ पसरले आणि घोड्यांचे कूळ गवताकडे वळले. गवताच्या पात्यात सिलिकाचे सूक्ष्म कण असतात, मुळाशी माती आणि वाळू असते. हे रोज तासन्तास चावायचे तर आखूड दाढ काही वर्षांत झिजून संपेल. दीडेक कोटी वर्षांपूर्वीच्या मेरिचिप्पससारख्या घोड्यांच्या जीवाश्मांत उंच दाढा दिसतात. आजच्या घोड्याकडे आहे तो त्याच वाटेवरचा वारसा.

तरण्या घोड्याची दाढ सात ते दहा सेंटीमीटर उंच असते. तिचा थोडासाच भाग हिरडीबाहेर दिसतो, बाकीची सगळी जबड्याच्या हाडात राखीव असते. वरून झीज होते तसतशी ती खालून वर सरकते, वर्षाला साधारण दोन ते तीन मिलीमीटर. घोड्याचे दात जन्मभर वाढतात, असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. पाचव्या वर्षाच्या आसपास तोंड पुरे झाले की जेवढी दाढ हाडात साठवलेली आहे तेवढीच पुढच्या आयुष्याची शिदोरी. पंचविशी-तिशीच्या सुमारास ती संपते. म्हणून दाढेचा एक मिलीमीटरही विनाकारण गमावणे घोड्याला परवडणारे नसते. ही गोष्ट पुढे कानस चालवताना लक्षात ठेवावी लागते.

दाढेचा वरचा पृष्ठभाग सपाट नसतो. कडक दंतवल्काच्या वळ्या आणि त्यामधले मऊ भाग वेगवेगळ्या वेगाने झिजतात, त्यामुळे तो कायम खरबरीत राहतो. दळणाच्या जात्याला अधूनमधून टाकी लावून खडबडीत करावे लागते, नाहीतर ते पीठ काढत नाही. घोड्याची दाढ ते काम आपले आपण करते. घोडा चावतो तोही वरखाली नाही, तर खालचा जबडा आडवा फिरवून. सगळा चारा या आडव्या फेऱ्यात रगडला जातो.

आता या यंत्रणेतली उणी बाजू. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्या दाढांची आतली कड समोरच्या दाढेवर पूर्ण येत नाही. तिथे झीज कमी होते आणि कालांतराने धारदार टोके उभी राहतात. वरची टोके गालाच्या आतल्या बाजूला रुततात, खालची जिभेला. मोकळ्या माळावर दिवसाचे सोळा-सतरा तास चरणाऱ्या घोड्याचा जबडा पूर्ण रुंदीने फिरत राहतो, त्यामुळे ही टोके बऱ्याच अंशी झिजत जातात. तबेल्यातल्या घोड्याचे तसे होत नाही.

यात दोष चंदीचा आहे, निदान मोठा वाटा तरी तिचा आहे. एक किलो वाळलेले गवत खायला घोड्याला सुमारे चाळीस मिनिटे लागतात आणि तो तीन हजारांहून अधिक वेळा जबडा फिरवतो. एक किलो दाणा दहा मिनिटांत संपतो, आणि तोही आखूड, वरखाली चावण्याने. शहरातल्या घोड्याच्या तोंडाला तोबरा बांधून भिजवलेला हरभरा, भुसा, भरडा दिला जातो. मालकाला वाटते, घोडा उत्तम खातो आहे. पण लांब तंतूची वैरण कमी पडली की दाढांना त्यांचे काम मिळत नाही आणि टोके वाढत जातात. वैरण उंच गव्हाणीत किंवा टांगलेल्या जाळीत असली तर आणखी एक फरक पडतो. मान खाली घालून चरताना घोड्याचा खालचा जबडा किंचित पुढे सरकतो आणि दाढांचे दोन्ही ओळींतले नाते बरोबर जुळते. मान वर करून खाताना ते तसे जुळत नाही. वैरण जमिनीवर, स्वच्छ जागी टाकणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

टोके हा त्रासाचा पहिला टप्पा. त्यापुढे पहिल्या किंवा शेवटच्या दाढेवर आकडे वाढतात, ओळीतल्या काही दाढा उंच आणि काही खोल होऊन सगळी ओळ वेडीवाकडी होते, दोन दाढांमध्ये फट पडून तिच्यात चारा अडकून कुजतो. या फटींमुळे होणारा हिरड्यांचा दाह घोड्याच्या तोंडातल्या सर्वांत वेदनादायक दुखण्यांपैकी एक मानला जातो. कधी दाढ उभी चिरते, कधी मुळाशी पू होतो. वरच्या मागच्या दाढांची मुळे चेहऱ्याच्या हाडांतल्या पोकळीला, म्हणजे सायनसला, लागून असतात. त्यामुळे दाढ सडली की पू नाकावाटे येतो, आणि तोही एकाच नाकपुडीतून. सर्दी समजून महिनोन्महिने औषधे देत राहण्याचे प्रकार यातून होतात. एका बाजूचे नाक वाहते आहे आणि त्याला घाण वास आहे, तर आधी त्या बाजूच्या दाढा तपासल्या पाहिजेत.

घोडा हे मूळचे शिकार होणारे जनावर. कळपात दुबळेपणा दाखवणारा आधी मारला जातो, म्हणून वेदना लपवण्याची सवय त्याच्या रक्तातच आहे. तोंडात जखम असूनही तो खात राहतो, फक्त वेगळ्या रीतीने. दुखऱ्या बाजूने न चावता दुसऱ्या बाजूने चावतो. मान तिरकी करतो. वैरणीचा घास तोंडात घोळवून अर्धवट चावलेला ओला गोळा खाली टाकतो. गव्हाणीजवळ असे गोळे दिसले तर ते दातांच्या दुखण्याचे जवळपास खात्रीचे लक्षण. लिदीत अख्खे दाणे आणि लांबच लांब काड्या येतात. गालात चारा साठून फुगवटा दिसतो. गार पाणी प्यायला तो बिचकतो. बरगड्या दिसू लागतात आणि मालक खुराक वाढवतो, जंताचे औषध देतो, पुन्हा खुराक वाढवतो. चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण आठ किलो कोरडा चारा लागतो. तो नीट दळला जात नसेल तर वाढवलेला खुराकही पैशासकट लिदीतूनच बाहेर पडतो.

चावण्याचा संबंध थेट जिवाशीही आहे. घोड्याच्या तोंडात लाळ सुटते ती चावण्यामुळेच, आणि दिवसाकाठी तिचे प्रमाण पस्तीस लीटरच्या आसपास जाते. ही लाळ चारा भिजवते, पोटातले आम्ल सौम्य करते. चावणे कमी झाले की कोरडा, जाडाभरडा घास अन्ननलिकेत अडकतो. नाकावाटे चारा आणि लाळ येऊ लागते, घोडा कासावीस होतो. तो घास अन्ननलिकेतून पुढे गेला तरी आतड्यात गोळा होऊन पोटशूळ उठू शकतो. घोड्याला ओकारी करता येत नाही. पोटशूळाने घोडा गेला, असे घोडेवाल्यांच्या बोलण्यात वारंवार येते. त्यातल्या काही दुखण्यांची सुरुवात पोटात नव्हे, तोंडात झालेली असते. गाढवांच्या बाबतीत तर दातांचे रोग आणि आतडे तुंबून होणारा पोटशूळ यांचा संबंध अभ्यासांतून स्पष्ट दिसला आहे.

आणि मग लगाम. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये घोड्याच्या तोंडात मोकळी हिरडी असते, तिथे लगामाचे कडियाळे बसते. स्वाराने लगाम ओढला की गाल पहिल्या दाढांवर दाबले जातात. तिथे धारदार टोके असली तर आतले मांस कापले जाते. घोडा मान झटकतो, तोंड उघडतो, एका बाजूला वळायला नकार देतो, कधी मागच्या पायांवर उभा राहतो. त्याला अडेल म्हणतात, खोडकर म्हणतात, आणि काही ठिकाणी आणखी कडक कडियाळे घालतात. लग्नाच्या वरातीतल्या घोड्यांच्या तोंडात काटेरी कडियाळी सापडल्याच्या बातम्या मुंबईत अनेकदा आल्या आहेत. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ साली झालेल्या केंद्रीय नियमांनी काटेरी कडियाळ्यांना बंदी आहे. ज्या तोंडात आधीच जखम आहे त्या तोंडात असा काटा घालणे ही क्रूरता आहे, आणि घोडा का ऐकत नाही हे आधी न पाहणे हीसुद्धा.

ही समस्या माणसाने घोडा पाळायला लागल्यापासूनची आहे, आणि तिच्यावरचे उपायही तितकेच जुने आहेत. २०१८ साली अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात पुरातत्त्वज्ञ विल्यम टेलर आणि मंगोलियाच्या राष्ट्रीय संग्रहालयातले त्यांचे सहकारी यांचा एक लेख आला. मंगोलियाच्या गवताळ प्रदेशात हरणांची चित्रे कोरलेल्या शिळांजवळ घोड्यांचे पुरलेले सांगाडे मिळतात. त्या आणि नंतरच्या काळांतल्या घोड्यांच्या कवट्या या अभ्यासकांनी तपासल्या. इसवी सनापूर्वी ११५०च्या सुमाराच्या एका कवटीत त्यांना वाकडा आलेला पुढचा दात दिसला, आणि त्यावर दगडी हत्याराने कापल्याची खाच होती. तो दात तिथल्या कुणा पशुपालकाने कापून काढायचा प्रयत्न केला होता. घोड्यांच्या दंतोपचाराचा आजवरचा हा सर्वांत जुना पुरावा मानला जातो.

त्या लेखातली पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. इसवी सनापूर्वी ७५०च्या आसपास त्या प्रदेशात चामड्याच्या आणि हाडाच्या लगामाऐवजी धातूची कडियाळी आली. स्वाराचा घोड्यावरचा ताबा वाढला, पण धातूचे कडियाळे पहिल्या दाढेपुढे उगवणाऱ्या एका लहानशा, निरुपयोगी दातावर आदळू लागले. हा दात सगळ्या घोड्यांना येत नाही. इंग्रजीत त्याला वुल्फ टूथ म्हणतात. त्याच काळापासूनच्या कवट्यांत हा दात उपटलेला आणि त्याची जागा व्यवस्थित भरून आलेली आढळते. म्हणजे दात काढल्यानंतर तो घोडा जगला, कामाला लागला. आजचे पशुवैद्यही लगाम सुरू करण्याआधी हा दात तपासतात आणि गरज पडली तर काढतात. लिहिण्यावाचण्याची कला जिथे पोचली नव्हती अशा त्या माळावरच्या घोडेवाल्यांनी आपल्या जनावराचे दुखणे ओळखले आणि त्यावर इलाज शोधला, ही गोष्ट आदराने सांगावी अशी आहे.

भारतातही घोड्याच्या दातांकडे शास्त्रीय नजरेने पाहिले गेले. शालिहोत्राच्या परंपरेतल्या संस्कृत ग्रंथांत पुढच्या दातांचे रंग, रेषा आणि डाग यांवरून वय ओळखण्याच्या खुणा दिल्या आहेत. तंजावरच्या मराठा राजांनी वाढवलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयाने १९५२ साली नकुलाच्या नावावरचे ‘अश्वशास्त्र’ छापून प्रसिद्ध केले. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिडनी गॅल्वेन याने वरच्या कडेच्या दातावरच्या एका खोबणीवरून वय सांगण्याची पद्धत लोकप्रिय केली. ही खोबणी दहाव्या वर्षी हिरडीजवळ दिसू लागते, विसाव्या वर्षापर्यंत दाताच्या पूर्ण लांबीवर उतरते आणि पुढे वरून नाहीशी होत जाते, असा तो ठोकताळा. आता मात्र अभ्यासकांचे मत असे आहे की पाच वर्षांपर्यंत दात उगवण्यावरून सांगितलेले वय बऱ्यापैकी खरे असते. त्यानंतरचा अंदाज चारा, माती आणि जात यांनुसार कित्येक वर्षे चुकू शकतो. लबाड व्यापारी म्हाताऱ्या घोड्याच्या पुढच्या दातांत खळगे कोरून, त्यांना डाग देऊन तरुण भासवत, हीही जुनीच रीत आहे. वयाच्या शोधात इतकी बुद्धी खर्च झाली. त्याच तोंडातल्या वेदनेकडे मात्र त्या मानाने फारच थोडे लक्ष गेले.

लक्ष द्यायची सर्वांत महत्त्वाची वर्षे दोन ते पाच. शिंगराला जन्मानंतर आठवडाभरात पहिले दुधाचे दात दिसतात, आणि एकूण चोवीस दुधाचे दात येतात. अडीच वर्षांपासून पुढे, साधारण साडेचार-पाचपर्यंत, ते सगळे पडतात आणि कायमचे येतात. शिवाय मागच्या नव्या दाढा उगवतात, नर घोड्यांना चौथ्या-पाचव्या वर्षी सुळे येतात. इतकी उलथापालथ दुसऱ्या कुठल्याच वयात नसते. आणि याच वर्षांत घोड्याला लगाम, खोगीर आणि कामाचे शिक्षण दिले जाते. मुंबईतल्या महालक्ष्मी रेसकोर्सवर आणि पुण्यात धावणारे थरोब्रेड घोडे तर दोन वर्षांच्या आगेमागेच सरावाला लागतात. दुधाच्या दाढेची टोपी नव्या दाढेवर अर्धवट लटकून राहिली तर ती हिरडीत रुतते आणि शिकाऊ घोडा एकाएकी बिथरल्यासारखा वागतो. म्हणून या वयात दर सहा महिन्यांनी तोंड तपासावे, असा पशुवैद्यांचा सल्ला असतो.

याच वयात एक अघोरी उपाय अजूनही केला जातो. दात येताना तरुण घोड्याच्या वरच्या पुढच्या दातांमागची टाळू सुजल्यासारखी दिसते. घोडा खात नसला की दोष या टाळूला दिला जातो आणि ती चिरतात किंवा तापल्या लोखंडाने डागतात. युरोपात एकेकाळी हे सर्रास होई, आशिया-आफ्रिकेतल्या कष्टकरी जनावरांच्या नशिबी ते अजूनही येते. ती सूज या वयात स्वाभाविक आहे, आपोआप उतरते. डागण्याने कुठलाही घोडा बरा होत नाही, त्याच्या तोंडात फक्त एक जखम वाढते. हा प्रकार पूर्णपणे बंद झाला पाहिजे.

मग योग्य तपासणी म्हणजे काय? पशुवैद्य आधी घोड्याला खाताना पाहतात. चेहऱ्यावरून, गालांवरून हात फिरवतात, दोन्ही बाजू सारख्या आहेत का पाहतात, नाकपुड्यांचा वास घेतात. मोठ्या पिचकारीने तोंड धुऊन साठलेला चारा काढतात. मग झोपेचे सौम्य इंजेक्शन देतात. झायलाझिन हे त्यासाठी नेहमी वापरले जाणारे औषध. घोडा उभाच राहतो, पण डोके खाली घालून शांत होतो. त्यानंतर पुढच्या दातांत बसणारी लोखंडी चौकट लावून जबडा उघडा ठेवतात. कपाळावर दिवा, हातात लांब दांड्याचा आरसा, आणि शेवटी हात आत घालून एकेक दाढ चाचपून पाहणे. चौकटीशिवाय आणि दिव्याशिवाय केलेली तपासणी खरे तर तपासणीच नव्हे.

टोके असतील तर ती लांब दांड्याच्या कानशीने घासतात. दाढेच्या कडेला मज्जा नसते, त्यामुळे बेताने घासताना दुखत नाही. आता विजेवर चालणाऱ्या कानशीही आल्या आहेत आणि त्यांच्यामुळे काम झटपट होते. पण वेग हीच त्यांची भीती आहे. चावण्याच्या पृष्ठभागाखाली काही मिलीमीटरवर जिवंत मज्जा असते. कानस एका जागी जास्त वेळ फिरली तर उष्णतेने ती मरते, जास्त घासले तर उघडी पडते. दाढ गुळगुळीत केली तर चारा दळला जात नाही. फक्त टोके काढायची, पृष्ठभागाचा खरबरीतपणा राखायचा, आणि फार वाढलेली दाढ एकाच बैठकीत सरळ करायचा हट्ट धरायचा नाही, ही या कामाची शिस्त. कानस घेऊन फिरणाऱ्या कुणाही हौशी माणसाच्या हवाली घोडा करू नये, कारण घासलेली दाढ परत येत नाही आणि झोपेचे औषध देणे हे पशुवैद्याचेच काम आहे.

दाढ काढायची वेळ आली तर ते काम मोठे असते. हाडात खोल गेलेली ती दाढ हलवून सैल करायला कधी कधी तासन्तास लागतात. बहुतेक वेळा हे घोड्याला उभा ठेवून, झोपेचे औषध आणि नस बधिर करणारे इंजेक्शन देऊन करता येते. मात्र एक दाढ गेली की तिच्या समोरच्या दाढेला झिजवायला कुणी उरत नाही. ती रिकाम्या जागेत वाढत जाते आणि जन्मभर ठरावीक काळाने घासावी लागते. वेळेवर केलेली वार्षिक तपासणी ही वेळ बहुधा येऊ देत नाही.

गोडाचाही प्रश्न आहे. आपल्याकडे घोड्याला प्रेमाने गूळ, साखर, उसाची कांडी दिली जाते. कधीमधी दिलेल्या खड्याने बिघडत नाही. पण साखर सतत तोंडात राहिली की दाढेवरचे मऊ आवरण कुजू लागते. पश्चिम ऑस्ट्रेलियात साखरेचे प्रमाण जास्त असलेले ओटचे वाळलेले गवत खाणाऱ्या घोड्यांत अशी कीड मोठ्या प्रमाणावर आढळली, आणि ते गवत बंद केल्यावर दाढा हळूहळू सुधारल्याचेही दिसले. ऊसपट्ट्यात घोडे पाळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

देशातल्या घोड्यांची संख्या झपाट्याने घटते आहे. २०१९च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टे मिळून सुमारे ३ लाख ४० हजार भरली, २०१२च्या तुलनेत जवळपास ४५ टक्के कमी. गाढवे तर १ लाख २० हजारांवर आली. उरलेली जनावरे प्रामुख्याने दोन टोकांना आहेत. एका टोकाला रेसकोर्स, पोलो, लष्कर आणि हौशी मालक, जिथे पशुवैद्य वेळेवर येतो. दुसऱ्या टोकाला वीटभट्ट्या, टांगे, वराती, डोंगरवाटा. माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्यामुळे पर्यटकांची आणि सामानाची मोठी मदार घोड्यांवर आहे. लाल मातीच्या चढउतारावर दिवसभर लगामात राबणाऱ्या घोड्याचे तोंड दुखरे असेल तर त्याच्याइतकाच धोका पाठीवर बसलेल्या मुलाला आहे. ब्रुक इंडियासारख्या संस्था कष्टकरी घोडे आणि गाढवे यांच्या मालकांमध्ये काम करतात. त्यांचा अनुभव असा की मालकाला स्वतःला काय पाहायचे हे कळले की निम्मे काम होते.

मालकाने पाहायच्या गोष्टी अवघड नाहीत. आठवड्यातून एकदा पाच मिनिटे थांबून घोडा कसा खातो ते पाहावे. गव्हाणीखाली चावलेले गोळे पडलेत का, लिदीत दाणे आहेत का, दोन्ही नाकपुड्या सारख्या कोरड्या आहेत का, तोंडाला घाण वास येतो का. बाहेरून गालावर, वरच्या दाढांच्या ओळीवर बोटांनी हलके दाबले आणि घोड्याने झटकन मान बाजूला घेतली तर आत टोके असण्याची दाट शक्यता. तोंडात हात मात्र कधीही घालू नये. बोट तुटू शकते. धनुर्वाताची लस द्यायला पशुवैद्य वर्षातून येतोच, त्याच भेटीत तोंड तपासून घेण्याचा आग्रह धरावा. मुंबईत परळला १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, राज्यात इतरत्रही पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, त्यांचे पदवीधर जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. सारंगखेडा, माळेगाव, अकलूज, जेजुरी इथे एकाच ठिकाणी जनावरे जमतात. त्या दिवसांत दात तपासण्याची शिबिरे भरवणे पशुसंवर्धन खात्याला आणि यात्रा समित्यांना सहज जमण्यासारखे आहे, आणि त्यांनी ते करावे.

वीस वर्षे उलटलेल्या घोड्याला पुन्हा सहामाही तपासणी लागते. दाढा संपत आलेल्या असतात, काही हलू लागतात, काही पडतात. अशा घोड्यापुढे कडब्याच्या पेंढ्या टाकून तो खात नाही म्हणून हताश होण्याचे कारण नाही. बारीक कुट्टी, भिजवून मऊ केलेला भुसा आणि भरडा दिवसातून चार-पाच वेळा थोडा थोडा दिला, आणि पिण्याचे पाणी फार गार नसेल याची काळजी घेतली, तर दाढा जवळपास संपलेला घोडाही आणखी कित्येक वर्षे अंग धरून, सुखाने जगतो.